बुडबुड्यांचं कडं

सगळं इस्पितळ तिला बुडबुडेबाई म्हणायचं. नवीन आलेल्यांना ते तिचं आडनावच वाटे. एका मेट्रनने तर तिच्या रजेच्या अर्जावर तेच आडनाव घालून अर्ज वर पाठवला, आणि बाईने तो दुरुस्तही केला नाही. "नवऱ्याच्या आडनावापेक्षा बरं आहे," एवढंच म्हणाली.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर रक्त तपासायचो. बाळंतपणाचं इस्पितळ, जुनी दगडी इमारत, तळमजल्यावर आमची लॅब. एक खिडकी, एक फ्रीज, भिंतीवर मोठं घड्याळ आणि दोन टेबलं. मी रक्तवाला आणि ती पाणीवाली. पाणी म्हणजे पोटातल्या बाळाभोवती असतं ते गर्भजल. डॉक्टर आईच्या पोटातून लांब सुईने ते थोडंसं काढायचे आणि खाली आमच्याकडे पाठवायचे. प्रश्न एकच असायचा: आज हे बाळ बाहेर काढलं तर ते श्वास घेऊ शकेल का?

तपासणी बघायला अगदी साधी होती. बाई ते पाणी नळीत घ्यायची, त्यात शुद्ध स्पिरिट घालायची, रबरी बूच लावायची आणि नळी जोरजोरात हलवायची. दुसऱ्या नळीत पाणी जरा पातळ केलेलं, तिसरीत आणखी पातळ. मग तिन्ही नळ्या स्टँडमध्ये उभ्या करायच्या आणि पंधरा मिनिटं कुणी टेबलाला हातही लावायचा नाही. बाळाची फुप्फुसं तयार झाली असली तर ती एक चिकट, साबणासारखा पदार्थ सोडतात. तो पाण्यात उतरतो. बाकी कुठलाही फेस स्पिरिटमध्ये मरतो, हा मरत नाही. नळीच्या काचेला लागून बारीक बुडबुड्यांचं कडं धरून राहतो. पातळ केलेल्या नळ्यांतही कडं अखंड राहिलं तर फुप्फुसं पक्की. तुटलं, विरलं, तर कच्ची. कच्ची म्हणजे जन्मल्यावर प्रत्येक श्वास सोडला की ती आतून चिकटणार, आणि पुढचा श्वास घ्यायला त्या एवढ्याशा जिवाला अंगातली सगळी ताकद लावावी लागणार.

हे ती मला पहिल्याच आठवड्यात शिकवून मोकळी झाली. स्वतःबद्दल मात्र फार नंतर बोलली, एका दुपारी, चहा पिताना, हवापाण्याबद्दल बोलावं तशी.

तिचा नवरा बस चालवायचा. बाहेर गरीब गाय. घरात जेवणात मीठ कमी पडलं की पट्टा, जास्त पडलं की पट्ट्याचं बक्कल. तिला सातवा लागला असताना त्याने तिच्या पोटात लाथ घातली. कशावरून ते तिला आठवत नव्हतं. त्याच रात्री कळा सुरू झाल्या आणि सकाळी मुलगा झाला. तो रडला नाही, नुसता कण्हत होता. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, नाकपुड्या फुलायच्या, ओठ निळे पडत चालले होते. दुपारपर्यंत तो एकटा झुंजला. मग थांबला. "दमला," बाई म्हणाली, आणि कप ठेवून दिला.

घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत नवऱ्याने पुन्हा तिचे केस धरले. ती तेव्हा त्याच्याच युनिफॉर्मला इस्त्री करत होती. तिने तापलेली इस्त्री त्याच्या दंडावर टेकवली आणि तो किंचाळत असताना दाबून धरली. मांस जळल्याचा वास आला तेव्हा सोडली. मग पायात होत्या त्या चपलांनिशी थेट मोठ्या बहिणीचं घर गाठलं. बहिणीचा नवरा कंपाउंडर होता. तो म्हणाला, "हवं तितके दिवस राहा, पण रिकामी बसू नकोस." त्यानेच तिला लॅबच्या शिक्षणाला घातलं. तिथे वर्गात कच्च्या फुप्फुसांचा धडा आला, तेव्हा आपला मुलगा नेमका कशाने गेला हे तिला पहिल्यांदा कळलं. वर्गातून ती उठून गेली नाही. शेवटपर्यंत बसली आणि शिकवणाऱ्याला म्हणाली, "ही तपासणी मला शिकवा. हाताने करून दाखवा."

आता ज्या दिवसामुळे तिचं नाव गावभर झालं त्या दिवसाचं सांगतो.

सकाळचे नमुने संपत आले होते. बाहेर अंगणात गलका झाला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. लाकडं वाहायच्या ढकलगाडीवर एक गरोदर बाई आडवी होती आणि एक मध्यमवयीन बाई ती गाडी एकटीच ढकलत फाटकातून आत आली होती. आडवी होती तिचा एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला, झग्यावर रक्ताचे डाग. ढकलणारीच्या कानातूनही रक्त येत होतं. ती तिची मोठी जाऊ होती. मधे पडली म्हणून तिलाही प्रसाद मिळाला होता.

"दिरानं मारलं," ती स्ट्रेचर घेऊन आलेल्यांना सांगत होती. "पोटावर पाय दिलाय. आधी पोट बघा."

पोटावर बुटाच्या टाचेचा ठसा होता. कडा निळ्या, मधे काळा.

कारण जाऊबाईनेच सांगितलं. दीर लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करायचा. सगळे त्याला करवत्याच म्हणत. मधे बरेच महिने तो लांब जंगलात, लाकूडतोडीच्या तळावर होता. तिथून परतल्याला आता सात महिने होत आले होते. बायकोचं पोट मात्र दिवस भरल्यासारखं दिसत होतं. वखारीत कुणीतरी हसत हसत म्हणालं, की तुझं पोर फार घाईत आहे बाबा. झालं. त्याने बोटांवर महिने मोजले, घरी आला आणि दाराला आतून कडी घातली.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाचे ठोके ठीक होते. पण आईचा रक्तदाब भलताच चढलेला, हातपाय सुजलेले, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणत होती. पोट मोठं दिसत होतं त्यात या सुजेचाही वाटा असणार. असंच चालू राहिलं तर तिला झटके येऊन ती जाऊ शकत होती. तिच्यासाठी उपाय एकच, बाळ बाहेर काढणं. पण बाळ किती दिवसांचं? फाटक्या ओठांनी ती एवढंच म्हणाली, "आठवत नाही." तिची पाळी कधीच धड नव्हती. मापं घेऊन काही नक्की ठरत नव्हतं, आणि सोनोग्राफीचं यंत्र तेव्हा आमच्याकडे आलेलं नव्हतं. मग राहिली सुई आणि बाईच्या नळ्या.

पहिली सिरिंज डॉक्टरीणबाई स्वतः घेऊन खाली आल्या. पाणी गुलाबी होतं.

बाईने ती उजेडात धरली. "रक्त उतरलंय."

"दिसतंय मला. यावर भरवसा ठेवता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूने काढून बघते. तू तयार राहा. त्या बाईच्या अंगावर जागा शोधावी लागतेय सुई टोचायला, एवढं झोडपलंय."

दुसरी सिरिंज नर्सने आणली. पाण्यात रक्त नव्हतं, नुसतं किंचित गढूळ. बाईने हातमोजे चढवले. ती नळ्या भरू लागली तेवढ्यात फाटकाशी दुसरा आरडाओरडा सुरू झाला.

करवत्या आला होता. अंगाने दांडगा, अंगावर लाकडाचा भुसा तसाच, हातात वखारीतला लोखंडी गज. दरवानाने त्याला अडवलं. त्याने गजाचं टोक दरवानाच्या तोंडात मारलं. दरवान वाकला आणि ओंजळीत दात थुंकला. वर नर्सेसनी वॉर्डचं जाळीचं दार ओढून कुलूप लावलं. तो जिना चढून गेला, जाळीवर गज मारत राहिला, बायकोच्या नावाने आईबहिणीवरून शिव्या देत राहिला. वॉर्डातल्या बाळंतिणी पोरांना कवटाळून पलंगांमागे बसल्या.

त्याला शांत करायला जाऊ जाळीशी आली आणि म्हणाली, "भावजी, जरा दम धरा. खाली लॅबमध्ये पाणी तपासताहेत. पोर किती दिवसांचं ते कळेल आता."

चांगल्यासाठीच म्हणाली ती. पण त्याने दम धरला नाही. तो खाली आला.

बाईने तिन्ही नळ्या नुकत्याच हलवून स्टँडमध्ये ठेवल्या होत्या. तिची नजर घड्याळावर होती. दार लाथेने उघडलं आणि मागच्या भिंतीवर आपटलं. नळ्यांमधलं पाणी थरथरलं, पण नळ्या उभ्या राहिल्या.

"पाणी तपासतेस ती तू?"

"मी," बाई म्हणाली. ती त्याच्या आणि टेबलाच्या मधे येऊन उभी राहिली.

"पोर कितव्या महिन्याचं आहे?"

"त्याचं उत्तर इथे मिळत नाही."

"वहिनी म्हणाली मिळतं."

"वहिनीने तुला गप्प करायला तसं सांगितलं. इथे पोराची फुप्फुसं तपासतात. जन्मलं तर श्वास घेईल की नाही, एवढंच कळतं."

 तो म्हणाला, "म्हणजे तेच की. फुप्फुसं पक्की तर नऊ महिने, कच्ची तर सात. मला अक्कल नाही वाटतं तुला?"

"काही पोरांची लवकर पिकतात, काहींची उशिरा. त्यावरून महिने मोजता येत नाहीत. आणि येत असते तरी तुला सांगितले नसते."

त्याने माझ्या टेबलावरून गज फिरवला. रक्ताच्या बाटल्या, काचपट्ट्या, सूक्ष्मदर्शक, सगळं एका झटक्यात जमिनीवर. सकाळभर गोळा केलेलं लोकांचं रक्त माझ्या पँटवर उडालं. मग त्याने माझी कॉलर धरली, मला भिंतीला लावलं आणि गज माझ्या गळ्यावर आडवा दाबला.

"ती सांगत नाही. तू सांग. बघून सांग."

माझी नजर बाईच्या खांद्यावरून नळ्यांवर गेली. वेळ पुरी झाली नव्हती, पण मला दिसत होतं. मधल्या नळीतलं कडं तुटायला लागलं होतं. तिसरीत काहीच उरलं नव्हतं. बाळ कच्चं होतं. त्याला तेच हवं होतं. "कच्ची आहेत, सातच महिने" एवढे चार शब्द बोललो असतो तर गज माझ्या गळ्यावरून निघाला असता. कदाचित तो रडलाही असता, बायकोच्या पाया पडला असता. माझं तोंड उघडलं होतं.

बाईने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं होतं. "तोंड बंद ठेव," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. हे ती त्याला नव्हे, मला म्हणाली.

मी तोंड बंद ठेवलं. त्याने मला ढकललं. माझं डोकं फ्रीजच्या कोपऱ्यावर आदळलं आणि एका डोळ्यापुढे सगळं लाल झालं.

तो तिच्या टेबलाकडे वळला. तिने उजवा हात स्टँडसमोर आडवा टेकवला, कोपरापासून बोटांपर्यंत टेबलावर दाबून.

"टेबलाला धक्का लावू नकोस," ती म्हणाली.

त्याने तिच्या हातावर गज मारला. मी हाड मोडल्याचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. ऐकल्यावर कसला ते सांगावं लागत नाही. बाईचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला, पण हात तिथेच राहिला. हात काढला असता तर पुढचा घाव नळ्यांवर बसला असता. त्याने पुन्हा गज उचलला. दुसरा घाव मनगटाच्या वर बसला आणि हात मधेच भलत्या दिशेला वाकला.

तेव्हा तिने डाव्या हाताने स्पिरिटचं भांडं उचललं आणि त्याच्या डोळ्यांत रिकामं केलं.

तो बैलासारखा ओरडला. गज सोडून दोन्ही हातांनी डोळे चोळू लागला, त्याने आग आणखी वाढली. गोल गोल फिरत तो माझ्या टेबलावर आदळला, तिथून फुटक्या काचांवर. बाईने डाव्या हाताने गज उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं, असं नंतर कोर्टात सगळ्यांचं म्हणणं पडलं. पण ते संपलं नाही. तिने त्याच गुडघ्यावर पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. तो "बस" म्हणाला. मग "बाई, बस" म्हणाला. मग नुसता कण्हायला लागला. ती खाली वाकून, ओठ मिटून, लाकूड फोडावं तशी मारत होती. उजवा हात बाजूला लोंबत होता. प्रत्येक घावाला तो हात झोका घेत होता आणि त्याचं तिला भान नव्हतं.

मी मागून तिच्या कमरेला मिठी घातली. तिने मला झटकलं. तेवढ्यात एक उंच वॉर्डबॉय आला. आम्ही दोघांनी मिळून तिला मागे ओढलं, तेव्हा कुठे गज हातातून पडला. वॉर्डबॉय करवत्याच्या छातीवर बसला. तशी काही गरज नव्हती. त्याचा पाय गुडघ्याखाली कुठेही वळत होता.

खोलीत स्पिरिटचा आणि रक्ताचा वास मिसळून डोकं फिरत होतं. बाईने घड्याळाकडे पाहिलं. मग टेबलाशी गेली, वाकली, डोळे नळ्यांच्या पातळीवर आणले. स्टँडवर तिच्याच रक्ताचे शिंतोडे होते. नळ्या उभ्या होत्या.

तिने मला जवळ बोलावलं आणि कानाशी लागून म्हणाली, "पहिलीत कडं आहे. दुसरीत तुटलंय. तिसरीत काही नाही. कच्ची आहेत. वर जाऊन डॉक्टरीणबाईंना सांग. हळू सांग, याच्या कानावर जाता कामा नये."

तो माणूस तिथे जनावरासारखा ओरडत होता. त्याच्या कानाशी ढोल वाजवला असता तरी ऐकू गेला नसता. तरी ती कुजबुजली. मी वर पोचेपर्यंत ती खाली बेशुद्ध पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि बाळ लगेच काढण्याचा बेत थांबवला. आईला फुप्फुसं पिकवणारी इंजेक्शनं सुरू केली, रक्तदाबाची औषधं दिली, खोलीत अंधार केला. औषधाचा गुण यायला दोन दिवस हवे होते. दुसऱ्या दिवशी दुपार उतरता उतरता आईला झटका आला. शरीर धनुष्यासारखं ताणलं, जीभ दातांखाली चिरली, पलंग भिंतीवर आपटत राहिला आणि जाऊ तिच्या पायांवर आडवी पडून तिला धरत होती. आता थांबणं शक्य नव्हतं. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी होती, मुठीएवढ्या डोक्याची. बाहेर येताच ती रडली. मग कण्हायला लागली.

बुडबुडेबाई तेव्हा त्याच इस्पितळात, हाताला खांद्यापर्यंत प्लॅस्टर घालून पडली होती. मुलगी झाल्याचं कळलं तशी ती उठून काचेच्या पेटीशी जाऊन बसली. आत ऑक्सिजन सोडला होता. मुलीच्या बरगड्यांमधली कातडी आत जात होती, पण खोल नाही.  नर्स येऊन म्हणाली, "जरा पडा जाऊन." ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी कातडी आत जायची थांबली. तरी तिने नर्सला विचारलं, "कण्हतेय का?"

"नाही. झोपलीय."

"नीट बघ."

नर्सने पेटीच्या झरोक्याला कान लावला. "झोपलीय, बाई."

तेव्हा ती उठली.

त्याच दिवसांत मी तिला विचारलं. म्हटलं, "सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? खरंच तर होतं ते. तुमचा हात वाचला असता."

"हिची कच्ची निघाली म्हणून तू असं म्हणतोस," ती म्हणाली. "पक्की निघाली असती तर काय सांगितलं असतंस त्याला? खोटं? आणि पुढच्या वेळी पुढचा कुणी आला असता गज घेऊन, तर त्याला? एकदा सांगितलं की ती तपासणी त्यांची झाली. मग माझ्या नळीवरून बायका मरायच्या."

 मग तीच पुढे म्हणाली, "आणि मला सांगायचं नव्हतं. त्याने विचारलं ना, तेव्हाच मला त्याला मारायचं होतं. हेही खरं आहे."

इस्पितळातून सुटायच्या आधी मुलीची आई जावेच्या खांद्याचा आधार घेत लॅबमध्ये आली; बाई प्लॅस्टरसकट तिथेच येऊन बसली होती. एक डोळा आता उघडला होता. ती माझ्या स्टुलावर बसली. "ताई, त्या नळीत काय निघालं होतं?"

"फुप्फुसं कच्ची होती तुझ्या मुलीची."

"म्हणजे सात महिने?"

"म्हणजे फुप्फुसं कच्ची."

तिने जावेकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याला हे सांगितलं असतंत तर त्यानं मला घरी नेलं असतं."

"हो. नेलं असतं."

मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, "मला अजून कळत नाही, तुमच्या पाया पडू की तुम्हाला शिव्या देऊ."

"पाया नको पडू," बाई म्हणाली. "टाके आहेत तुझ्या पोटाला, वाकू नकोस."

जाऊ फिसकन हसली. मग तिघीही हसल्या. मुलीच्या आईला हसताना टाके दुखले आणि तिने जावेचा हात घट्ट धरला. मुलगी कुणाची, हा प्रश्न त्या खोलीत कुणी काढला नाही. मला आजही ठाऊक नाही.

करवत्याने बाईवर खटला भरला. त्याचा पाय कायमचा गेला होता. इस्पितळाने तिला कामावरून बाजूला केलं आणि सहा महिने ती घरी बसली. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "तो पडल्यावरही तुम्ही का मारलंत?"

"तो उठला असता."

"त्याला दिसत नव्हतं. पाय मोडला होता. कसा उठला असता?"

"मला तेव्हा तो उठेल असं वाटत होतं."

"किती वेळा मारलंत?"

"मोजलं नाही."

तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. जाऊ साक्षीला आली होती. विरुद्ध बाजूच्या वकिलाने तिला विचारलं, "तुमच्या सख्ख्या दिराची ही अवस्था झालेली बघून तुम्हाला काय वाटलं?" ती म्हणाली, "उशीर झाला असं वाटलं." कोर्टात हशा पिकला आणि न्यायाधीशांनी टेबल ठोकलं. दरवान दात नसलेल्या तोंडाने बोलला, माझीही साक्ष झाली. न्यायाधीशांनी तिला निर्दोष म्हटलं नाही. मारलं ते गरजेपेक्षा जास्त होतं, असं म्हटलं, आणि पुढे चांगलं वागण्याच्या हमीवर सोडलं. बाई म्हणाली, "बरोबर आहे. जास्तच होतं."

जावेला नवऱ्याने घरात घेतलं नाही, भावाविरुद्ध साक्ष दिली म्हणून. दोघी जावांनी मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली केली आणि कपडे शिवायच्या कारखान्यात लागल्या.

बाईचा हात वाकडा जुळला. मनगट अर्ध्यातच अडकायचं, मूठ वळायची नाही. कामावर परतल्यावर ती डाव्या हाताने नळ्या हलवायला शिकली. पहिले काही आठवडे एकेक नळी हातातून सुटून फुटायची आणि ती स्वतःलाच शिव्या घालत काचा गोळा करायची. जमल्यावर पुन्हा बरीच वर्षं तिने ते काम केलं. नंतर नवी औषधं आली, यंत्रं आली आणि पाण्याचे नमुने खाली येणं कमी होत गेलं. एके दिवशी ती निवृत्त झाली.

करवत्याला वखारीने फाटकावर बसायचं काम दिलं होतं. बाईचा घरी जायचा रस्ता त्याच वखारीवरून जात असे. आणखी एक रस्ता होता, थोडा लांबचा. मी एकदा म्हटलंही, त्याने जात जा. ती म्हणाली, "मी का लांबून जाऊ?" निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी ती त्या फाटकावरून जायची, त्याच फुटपाथवरून, वाकड्या हातात पिशवी अडकवून. तो लांबून तिला येताना बघायचा, काठी घ्यायचा आणि लंगडत लाकडांच्या ढिगामागे जायचा. ती पुढे गेली की बाहेर येऊन पुन्हा बसायचा.